बोटभर मागून सगळी नेली

सोमीमावशी, मंगळीची वार तू विकली नव्हतीस. ती मी चोरली होती. एवढी दोन वाक्यं कागदावर यायला नऊ वर्षं गेली. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता ऐकताही येणार नाही. तरी लिहितो तुलाच. या विषयावर दुसऱ्या कुणाशी बोलायची मला सवयच नाही.

तू गेल्याला आज पंधरवडा झाला. सकाळी प्रयोगशाळेत बरण्या धुताना अजून कान दाराकडे असतात. "बाटलीभाऊ, हायस का मेलास?" ही तुझी हाक यायची आणि मागोमाग तू पायरीवर बसून पायातले काटे काढायला लागायचीस. शेणव्याच्या पलीकडच्या तुझ्या वाडीपासून शहापूरपर्यंत तू अनवाणी यायचीस. चप्पल घेऊन देतो म्हटलं तर म्हणालीस, "पायाला रस्ता कळतो. चपलेला काय कळतं?"

आपली पहिली भेट भांडणाची होती. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला त्याच्या थोडं आधीचे ते दिवस. शहापुरातल्या धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी छोटी प्रयोगशाळा मांडली होती. एक सूक्ष्मदर्शक, मेणाच्या ठोकळ्याचे पातळ काप काढणारं एक यंत्र, फळ्यांवर बरण्या आणि मी. चांगली धडधाकट बाई आठव्या महिन्यात सुजते, डोकं दुखतं म्हणते, डोळ्यांपुढे अंधारी येते, मग आकडी येते आणि एका दुपारीत ती आणि बाळ दोघंही जातात, हे का होतं ते बाईंना शोधायचं होतं. पुस्तकं म्हणायची, रक्तात विष होतं. कसलं विष, कुठून आलेलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंचा संशय बाळामागून येणाऱ्या वारेवर होता. म्हणून त्यांना वार तपासायला हवी होती, आजारी बायकांची आणि निरोगी बायकांचीही. बाळंतपणं तर सगळी घरीच व्हायची, आणि घराघरातली सुईण तू होतीस.

बाईंनी वार मागितली तशी तू फिस्सकन हसलीस. "वार काय कोंबडीचं पीस हाय, पडलं म्हणून द्यायला?"

मी मॅट्रिक झालेला. मला राग आला. "मावशी, ती टाकाऊ वस्तू आहे. मातीतच तर घालता."

तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. "दिवाळी सरली की आमी कोळशाच्या भट्टीवर जातो रे. पाऊस तोंडावर आला की येतो. तोवर कूड पडलेला, छप्पर उडालेलं. सातबारा नाय आमचा. जमीन खोताची, झाडं जंगलखात्याची. पन पोराची वार पुरलीय ना, ती जागा आमची. तिकडून कोन हलवल आमाला? आन तू बोलतो टाकाऊ."

बाई म्हणाल्या, "सगळी नको. थोडी द्या."

"थोडी म्हंजे?"

बाईंनी करंगळी पुढे केली. तू त्यांच्या करंगळीला आपली करंगळी लावून पाहिलीस, दोन्हींतली लहान कुठली ते बघितलंस, आणि सौदा ठरला. बोटभर तुकडा आमचा. बाकीची हळद-मीठ लावून मडक्यात, मडकं खड्ड्यात, वर दगड. "वार गावाभायेर गेली तर पोराचा पाय ठरत नाय," असं वाडीत मानत. म्हणून प्रत्येक वेळी घरच्यांना विचारायचं आणि नाही म्हटलं तर निघून यायचं, ही अट बाईंनी मला स्वतंत्रपणे घातली. "मागायचं. गळ घालायची नाही, आणि घ्यायचं तर मुळीच नाही," असे त्यांचे शब्द होते.

मी सायकलला पेटी बांधून वाड्या फिरू लागलो. तुकडे टिकवणाऱ्या फॉर्मालिनच्या वासानं तुझ्या डोळ्यांना धार लागायची. "ह्या पान्यानं मेलेला बी रडंल," म्हणायचीस. पण काम असं शिकलीस की मीच चकित होत गेलो. वार तळहातावर घेऊन तू अंगठा फिरवायचीस आणि सांगायचीस, "ही गुळासारखी मऊ. पोर दणकट होनार." किंवा "ही बघ, चुना चढलाय. ह्या बाईचं पाय सुजलं होतं का इचार." मी विचारायचो. पाय सुजलेले असायचे. तुझ्या बोटाला जो चुना लागायचा तोच आठवड्यानं काचेच्या पट्टीवर दिसायचा. निरोगी वारेत झाडाच्या बारीक मुळांसारखे गुलाबी-जांभळे फाटे असत, आणि चुन्याच्या जागी नुसत्या सावल्या, आत जीव नसलेल्या.

एकदा तुला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. आरशावर ऊन घेऊन मी कवडसा जुळवला. तू एक डोळा गच्च मिटून बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "चूल विझलेली दिसते." वारेला तू पोटातली चूल म्हणायचीस. बाळाचं अन्न त्याच चुलीवर रांधलं जातं म्हणून. तिथूनच तुझा आणि बाईंचा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. तू म्हणायचीस, "आधी वार रुसते, मंग बाई सुजते." बाई म्हणायच्या, "कदाचित उलटंही असेल, सोमीबाई. अजून पुरावा नाही." तू म्हणायचीस, "तुमी पुरावा शोधा. तोवर मी बाळंतपन उरकून येते."

आता मंगळी.

तुझ्याच वाडीतल्या मंगळीचं ते पहिलं बाळंतपण. मी वाडीत होतो, बाई बाहेरगावी होत्या. आतून तुझा आवाज आला, "गो मंगळे, दात सोड, दात सोड!" तिला आकडी आली होती. तिच्या दातांत लुगड्याचा बोळा घालून, तिला कुशीवर करून तू तिला कशी सोडवलीस ते तुझं तूच जाणे. मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडली. मंगळी शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली. तू तिच्या उशापासून हलू शकत नव्हतीस. बसल्या जागेवरूनच मडकं दाराबाहेर माझ्याकडे सरकवलंस आणि म्हणालीस, "तुजा तुकडा घे, बाकी तिच्या नवऱ्याला दे. खड्डा त्यानं खनलाय."

मी झाकण काढलं. अर्ध्याहून जास्त वार पांढरी, कडक, आणि एका कडेला काळ्या रक्ताची गाठ चिकटलेली. असा नमुना आम्हाला मिळाला नव्हता. बोटभर तुकड्यावरून चुना किती जागेवर चढतो ते कळत नाही, पूर्ण वार हवी, असं बाई कितीदा तरी म्हणाल्या होत्या. मागायला दहा पावलं चालायचं होतं. नवरा खड्ड्यापाशीच बसला होता. तो नाही म्हणेल या भीतीनं मी विचारलंच नाही. कुडामागे जाऊन सगळी वार बरणीत घातली. मडक्यात रक्तानं भिजलेल्या चिंधीत माती बांधून ठेवली, वर हळद टाकली आणि मडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. ते मी पाहिलं, मावशी. पाहून सायकलवर बसलो.

बाईंना सांगितलं, घरच्यांनी आनंदानं दिली.

पंधरा दिवसांत कुत्र्यांनी खड्डा उकरला आणि चिंधीतली माती बाहेर आली. मडकं तू भरून दिलेलं, मी फक्त पोचवलेलं, म्हणून चोर तू ठरलीस. पुढच्या खेपेला मी गेलो तर वाडीच्या मधल्या करंजाखाली सगळे जमलेले. मंगळीचा नवरा ओरडत होता, "वार इकली हिनं! शहरातल्या लोकांना इकली!" मग मला विचारलं, "तुमी नेली का?" आणि मी म्हणालो, "आम्ही बोटभर तुकडाच नेतो."

तू माझ्याकडे पाहिलंस. माझं नाव मात्र घेतलं नाहीस. त्या दिवसापासून तुला कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही.

चार दिवसांनी तू शहापूरला आलीस. बाई भोळेपणानं तुला बरणीपाशी घेऊन गेल्या. "बघा, मंगळीच्या घरच्यांनी पूर्ण दिली. केवढे उपकार!" बरणीतल्या नाळेवर तुझी काळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ स्पष्ट दिसत होती. ती गाठ आमच्या तालुक्यात दुसरं कुणी मारत नाही.

"हां," तू म्हणालीस, "दिली खरी."

मग बाईंनी त्या वारेचा काढलेला नकाशा तुला दाखवला. कुठे चुना, कुठे गाठ, किती भाग जिवंत राहिला. आणि विचारलं, "सोमीबाई, इतकं झालं तर आधी काहीतरी खूण दिसली असेल. आठवा बघू." तू बराच वेळ त्या कागदावर अंगठा फिरवत राहिलीस. मग एकदम म्हणालीस, "बांगड्या! आकडीच्या आधी आठ दिवस तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या फिरत नव्हत्या. रुतत होत्या. ती बोलली, काढ. निघंनात. भरल्या पोटीच्या बाईच्या बांगड्या मी माज्या हातानं फोडल्या, मना किती वंगाळ वाटलं."

बाई उठून उभ्या राहिल्या. पाय तर दिवसभर भाताच्या खाचरात उभ्या राहणाऱ्या कुठल्याही बाईचे सुजतात. हात सुजत नाहीत. वजनकाटा नसलेल्या, नाडी-रक्तदाबाचं यंत्र नसलेल्या वाडीत प्रत्येक बाईच्या मनगटावर मोजमाप आधीच चढवलेलं होतं. बांगडी फिरते की रुतते, एवढंच बघायचं. रुतली तर लघवी नळीत घेऊन दिव्यावर तापवायची, तिच्यात दह्यासारखी पांढरी साय धरली तर बाईला दवाखान्यात आणायचं. त्या दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि आजही वाटतं, त्या दुपारइतकं मोठं काही माझ्या आयुष्यात घडलं नाही.

बाहेर पायरीवर तू मला थांबवलंस. "बाटलीभाऊ, दोन गोष्टी कर. एक, ह्या वारेतून जे शिकायचं ते नीट शीक. तिला फुकट नको जाऊ देऊ. आन दुसरी..." तू पदर खोचलास. "दुसरी तुला ठावं हाय."

पहिली गोष्ट मी केली. त्या वारेचे इतके काप काढले, इतके रंगवले की यंत्राचं पातं झिजलं. उरलेला भाग बरणीत जपला. दुसरी राहिली. रोज ठरवायचो, आणि रोज बरण्या धुवायचो.

दोन पावसाळ्यांनी मंगळीला पुन्हा दिवस गेले. मी लघवीच्या बाटल्या गोळा करत वाडीत आलो होतो, तर तू तिच्या दारात उभी. नवरा आडवा आलेला. "तुला कोनी बोलवली? तू नको येऊ."

"मी तुज्याकडं नाय आली," तू म्हणालीस. "मी बांगडीकडं आली."

आणि त्याला कोपरानं बाजूला सारून आत गेलीस. मंगळीच्या मनगटावर बांगडी धरून फिरवलीस. फिरली नाही. मी तिथेच चुलीवर नळी तापवली आणि सगळ्यांच्या देखत पाणी पांढरं झालं. मंगळीनं ते पाहिलं आणि आपणहून उठली. नवऱ्याला म्हणाली, "गाडी जुंप रे. बघत काय बसलास?"

बैलगाडीत तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ती शहापूरला आली. अंधारी खोली, बिनमिठाचं जेवण, झोपेचं औषध, आणि खिडकीशी तू. कुणी मोठ्यानं बोललं तर तू वहाण उगारल्यासारखा हात उगारायचीस, पायात वहाण नसताना. बाईंनी तिला वेळेआधीच मोकळी केली. एकही आकडी आली नाही. मुलगा झाला, आणि इतका ओरडला की बाहेर मंगळीचा नवरा रडायला लागला. तू वार तळहातावर घेऊन अंगठा फिरवलास. "थोडा चुना हाय," म्हणालीस, "पन चूल पेटती हाय." मी तुला एवढं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. बाईंनी, माझ्या बाईंनी, ज्या कधी कुणाला हात लावत नसत, तुला मिठी मारली.

नवरा म्हणाला, "तुकडा घ्या. बोटभर काय, हातभर घ्या." आम्ही बोटभरच घेतला. बाकी मडक्यात घालून तू ते माझ्या हातात दिलंस. "तू पुरायची. पायी यायचं. सायकल नाय."

सकाळी निघून उन्हं कलताना पोचलो. वाटभर तू माझ्या चालण्याची टिंगल केलीस, "बदक बरं चालतं तुज्यापरास." खड्डा मी खणला, दगड मी ठेवला. मग तू उभी राहिलीस, हात कमरेवर, वाट बघत. वाडीची माणसं भोवती होतीच. आणि मी म्हणालो, "चला, उशीर होतो."

तू मान हलवलीस. बस.

वाडीनं तुला पुन्हा बोलवायला सुरुवात केली. "जाऊ दे, केलं माफ," असं ते म्हणाले. तू न केलेल्या चोरीला त्यांनी माफी दिली, आणि तू ती हात जोडून घेतलीस. हे मला सगळ्यात जास्त सलतं.

पण तुझी घोडदौड आता कोण थांबवणार होतं? आटगावपासून मुरबाडच्या घाटाखालपर्यंतच्या सुईणी तुझ्याकडून बांगडी फिरवायला शिकल्या. मुरबाडला दवाखान्याच्या ओट्यावर त्यांची सभा भरली तेव्हा एका बाहेरच्या डॉक्टरसाहेबांनी तुला विचारलं, "बाई, आपलं शिक्षण किती?" तू म्हणालीस, "सायेब, तुमी जल्मला तवा तुमच्या आयेला कोनी सोडवली? तिचं शिक्षन किती होतं?" ओटा हसून कोसळला. साहेबही हसले, आणि मग वही काढून खाली, सुईणींच्या रांगेत बसले. गाड्या येऊ लागल्या. कधी डोली, कधी खाटेवर घालून आणलेली बाई. त्यातल्या कितीतरी आज बाजारात भेटतात, कडेवर पोर असतं, आणि मला बघून हात पुढे करून बांगडी फिरवून दाखवतात. हा आपला नमस्कार झालाय, मावशी. सगळ्याच वाचल्या असं नाही. उशिरा आलेल्या गेल्याही, आणि त्यांच्यासाठी तू माझ्या दारात बसून मोठ्यानं रडलीस. पण पूर्वी आकडी आली की वाडी देवाला बोल लावून गप्प बसायची. आता गाडी जुंपते. हे तू केलंस, तुझ्या अंगठ्यानं.

तू झोपेतच गेलीस असं कळलं. आदल्या दिवशीही एक बाळंतपण करून आली होतीस म्हणे.

परवा सकाळी मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "या वारेवरच्या माझ्या छापलेल्या लेखात मी लिहिलंय, कुटुंबानं स्वखुशीनं दिली. तुमच्या शब्दावर. ते आता मला दुरुस्त करावं लागेल, आणि तसं मी छापणाऱ्यांना पत्र लिहीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फळीवरची ती बरणी उतरवून माझ्यापुढे ठेवली. तुझी काळी गाठ अजून तशीच होती.

काल तुझ्या दिवसकार्याला वाडी जमली होती. मी पायी गेलो, सायकल नाही. मंगळीला आणि तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं, बरणी पुढे केली आणि सांगितलं. मंगळीची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती बरणीत वाकून बघत होती. "ही माजी?" तिनं विचारलं.

"तुजीच," मंगळी म्हणाली. "म्हनून तुजा पाय घरात ठरत नाय." मुलगी हसली. मंगळी हसली नाही. नवरा करंजाकडे बघत उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मी तिला चोर बोललो रे."

मग त्यानं कुदळ आणली. जुन्या जागीच खणलं. मुलीनं स्वतः हळद टाकली, मी दगड ठेवला, आणि मंगळीपुढे हात जोडून बोलायला लागलो. तिनं मला थांबवलं.

"मना नको सांगू. तिला सांग. करंजाखाली तिला चोर बोलले ना, तिकडं जाऊन सांग. आन मोठ्यानं सांग, सगळ्या वाडीला ऐकू गेलं पायजे."

मी करंजाखाली गेलो. माणसं जेवता जेवता थांबली. मला ओरडायची सवय नाही, तुला माहीत आहे. पण ओरडलो.

"सोमीमावशी! मंगळीची वार तू विकली नाहीस. बोटभर मागून सगळी मी नेली, आणि ह्याच झाडाखाली खोटं बोललो. तू चोर नव्हतीस, मी होतो. मला माफ कर गो, मावशी. दुसरी गोष्ट आज केली."